फी, मेस, खोली की संस्थेला देणगी? नाशिकमध्ये एखाद्याच्या शिक्षणाला हातभार लावायचा असेल तर

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे पर्सेंटाइल येतात आणि नाशिकमधल्या बऱ्याच घरांत दरवर्षी तोच विषय निघतो. कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा, सोसायटीच्या वॉचमनकाकांची धाकटी, गावाकडच्या ओळखीतली एखादी पोर. चांगले मार्क पडलेत, पुढे शिकायचंय, घरात पैसा नाही. 'आपण काहीतरी करू या' हे ठरायला दहा मिनिटं पुरतात. नेमकं काय करायचं, तिथे घोडं अडतं. कॉलेजची फी भरावी, दर महिन्याला खर्चाला द्यावेत, एखाद्या संस्थेकडे चेक द्यावा, की वरची रिकामी खोली त्या मुलाला द्यावी?

नाशिकमध्ये शिकायला आलेल्या मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचं काम मी करते. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकते. फी भरायची घाई करू नका. ज्या मुलाला मदत करायची त्याच्या राहण्या-जेवणाचं बघा, आणि अभ्यासक्रम संपेपर्यंत बघा. हे मत कशावरून झालं आणि कोणाच्या बाबतीत ते लागू पडत नाही, ते पुढे येईलच.

सगळ्यात आधी: सरकारकडून काय मिळतंय?

पैसे काढण्याआधी हे एक काम केलंत तर तुमच्या त्याच रकमेतून दुप्पट काम होईल. पुष्कळ मुलांची फी कोणत्या ना कोणत्या योजनेत बसते आणि घरच्यांना ते ठाऊकच नसतं.

महाराष्ट्रात ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर सवलत मिळत नाही, खासगी विद्यापीठात घेतला तरी नाही. दोन्हीकडे नाव लागलं म्हणून घाईने खासगी विद्यापीठात पैसे भरून बसलेली घरं आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते. खुल्या प्रवर्गातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिच्यात निम्मी फी मिळते. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख.

राहण्या-जेवणासाठीही योजना आहेत. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम् आणि ओबीसी-भटक्या विमुक्तांच्या मुलांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. नाशिकसारख्या विभागीय शहरासाठी या योजनांत ठरलेली रक्कम वर्षाला ५१,००० रुपये आहे. म्हणजे महिन्याला सव्वाचार हजार. चालू वर्षाचा आकडा आणि गुणांची अट अर्ज भरतानाच बघून घ्या.

रक्कम वाईट नाही. अडचण आहे ती वेळेची. राहायला कॉट भाड्याने घ्यायची जुलैत, डिपॉझिट द्यायचं जुलैत, मेसचा पहिला महिना आगाऊ भरायचा तोही जुलै-ऑगस्टमध्येच. आणि योजनेचे पैसे खात्यावर येईपर्यंत कधी दिवाळी उलटते, कधी वर्ष संपतं. गळती होते ती याच मधल्या काळात. आदिवासी वसतिगृहांत खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायची पद्धत आली तेव्हा, २०१८ साली, मुलं पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाली होती. खात्यावर उशिरा आलेल्या पैशांनी कालची भूक भागत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

फी भरावी की मेस?

आता खरी तुलना. समजा वर्षाला ५०,००० रुपये बाजूला काढायची तुमची तयारी आहे.

एक मार्ग असा की ऑगस्टमध्ये कॉलेजच्या नावाने चेक काढायचा. पावती मिळते, पैसे कुठे गेले ते कळतं, मनाला समाधान वाटतं. दुसरा मार्ग असा की मुलाच्या खात्यावर दर महिन्याच्या एक तारखेला ५,००० टाकायचे, दहा महिने. यात पावती नाही, हिशेब लागेलच असं नाही, आणि सुरुवातीला देणाऱ्याला थोडी धाकधूक वाटतेच.

तरी मी दुसऱ्या मार्गाकडे झुकते. योजनेत बसणाऱ्या मुलाची फी तुम्ही भरलीत तर जो खर्च सरकार उचलणारच होतं तो तुम्ही उचललात. मेसचे पैसे मात्र दुसरं कोणी देत नाही, निदान वेळेवर तरी नाही.

सुरगाण्याच्या बाजूची एक मुलगी इंजिनिअरिंगला लागली. फी शून्य. घरच्यांना वाटलं, सुटलो. पहिल्या आठवड्यात तिने वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती: होस्टेलचं डिपॉझिट, गादी, बादली, वर्कशॉपचा ॲप्रन, ड्राफ्टर, ड्रॉइंग शीट, बसचा पास, मेस. यातली एकही गोष्ट शिक्षण शुल्कात येत नाही. तिने पैसे वाचवायला एकवेळची मेस लावली. दुपारी जेवायचं आणि रात्री पार्ले-जी. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, त्या दिवशी तर दुपारच्या दोन पोळ्या कागदात बांधून ठेवायची. पहिल्या सेमिस्टरला तिचं गणित राहिलं. वर्गातल्या सरांना वाटलं, पोरगी हुशार आहे पण लक्ष देत नाही.

नाशिकला ही गोष्ट नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी इथल्या लोकांना ती नीट कळली होती. मराठा विद्या प्रसारक समाज ही इथली शिक्षणसंस्था १९१४ साली स्थापन झाली, आणि १९२० साली शाहू महाराजांनी नाशिकला येऊन उदाजी मराठा वसतिगृहाची कोनशिला बसवली. त्याआधी १९०१ पासून कोल्हापुरात त्यांनी जातीजातीच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी केली होती. खेड्यातल्या मुलाला शहरात निजायला जागा आणि दोन वेळचं अन्न मिळालं की तो शिकतो, ही त्यामागची दृष्टी. गंगापूर रोडवरून जाताना ते बोर्डिंग दिसतं तेव्हा मला दरवेळी हे आठवतं.

मुलींच्या बाबतीत तर मेस आणि होस्टेल हाच निर्णायक खर्च आहे. पेठ, सुरगाणा, कळवण, त्र्यंबकच्या पाड्यांवरून मुलगी नाशिकला पाठवायची की नाही, हे आईवडील फीवर ठरवत नाहीत. ती राहणार कुठे, रात्री किती वाजता दार बंद होतं, सोबत कोण, स्टँडपासून किती लांब, यावर ठरवतात. बरं होस्टेल मिळालं नाही की 'पुढच्या वर्षी बघू' होतं, आणि त्या पुढच्या वर्षी बहुधा स्थळ येतं. म्हणून एखाद्या मुलीला मदत करायची असेल तर जूनमध्येच होस्टेल शोधायला तिच्या आईबरोबर स्वतः फिरा. रूम बघा, रेक्टरबाईंशी बोला. पैशांइतकीच या फिरण्याचीही गरज असते.

फी भरणंच योग्य, अशीही मुलं आहेत. ज्यांचे कागद वेळेत झाले नाहीत, ज्यांचा प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला नाही, ज्यांचं उत्पन्न मर्यादेच्या जरा वर आहे पण बाप आजारी पडून घर बसलंय. त्यांना योजना नाही, सवलत नाही. अशा वेळी कॉलेजच्या खात्यावर थेट फी भरा. आणि अनाथ मुलं. बालसंगोपन योजनेतले महिन्याचे २,२५० रुपये अठराव्या वर्षी थांबतात, म्हणजे नेमके कॉलेज सुरू होतं तेव्हा. या मुलांना फी, मेस, दिवाळीत जायला घर, सगळंच लागतं.

थेट मुलाला की संस्थेमार्फत?

संस्थेला दिलं तर निवड, पाठपुरावा, हिशेब हे सगळं त्यांच्याकडे. एका मुलाने मधेच सोडलं तर पैसे दुसऱ्याच्या कामी येतात. पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून हे काम करते आहे. खेड्यातून पुण्याला शिकायला आलेल्या मुलांना राहायची-जेवायची सोय आणि पाठीवर हात देते. नाशिकमध्येही समाजासमाजाची वसतिगृहं आहेत, जुन्या शिक्षणसंस्थांचे गरजू विद्यार्थी निधी आहेत, कॉलेजांतल्या माजी विद्यार्थ्यांचे गट आहेत. संस्थेकडे प्राप्तिकराच्या ८०जी कलमाची मान्यता असेल आणि तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर करात सवलत मिळते, मात्र रोख दोन हजारांवर दिलेत तर ती मिळत नाही. थेट मुलाला दिलेल्या पैशांवर कोणतीही सवलत नाही. पण करासाठी म्हणून मार्ग निवडू नका.

संस्था पारखायची असेल तर फोटो आणि प्रमाणपत्रं बाजूला ठेवून दोन गोष्टी विचारा. तीन वर्षांपूर्वी तुम्ही निवडलेल्या मुलांपैकी आज किती जण शिकतायत? आणि मुलाच्या हातात पैसे कोणत्या महिन्यात पडतात? पहिल्याचं उत्तर लगेच देता येत नसेल तर पाठपुरावा नाही. दुसऱ्याचं उत्तर 'जानेवारीत आपला कार्यक्रम असतो, त्यात देतो' असं असेल तर ती मदत सभागृहाच्या तारखेनुसार चालते.

त्या कार्यक्रमांबद्दल एक बोलायचंच आहे. स्टेजवर बोलावून, गळ्यात हार घालून, हातात भलामोठा चेक देऊन, 'घरची अत्यंत हलाखीची परिस्थिती' असं माइकवर सांगितलं जातं. एकोणीस वर्षांच्या मुलाला ते लागतं. त्याचे मित्र समोर बसलेले असतात. पुढच्या वर्षी गरज असूनही काही मुलं अर्ज करत नाहीत, ती याचमुळे. पैसे द्या, गाजावाजा करू नका.

थेट मदतीत जिव्हाळा असतो, आणि तोच जपून वापरावा लागतो. महिन्याला पाच हजार देणारे काका दर आठवड्याला फोन करून मार्क विचारायला लागले की मुलगा फोन उचलणं टाळतो. मी सुचवते ते असं: सेमिस्टरला एकदा निकाल बघायचा, महिन्यातून एकदा चौकशी करायची, आणि ती चौकशीही तब्येतीची, जेवणाची. एक विषय राहिला म्हणून पैसे बंद करायचे नाहीत. पहिल्या वर्षी मराठी माध्यमातून आलेल्या मुलाचा एखादा विषय राहतोच. सगळं पुस्तक इंग्रजीत, शिकवणं इंग्रजीत. दुसऱ्या वर्षी तोच मुलगा रुळतो.

आणि थेट मदत करायची तर शब्द पूर्ण अभ्यासक्रमाचा द्या. महिना ५,००० प्रमाणे वर्षाचे दहा महिने धरले तर चार वर्षांच्या पदवीचे दोन लाख होतात. एवढी तयारी नसेल तर चार जणांनी मिळून एक मूल घ्या, भावंडांत, ऑफिसातल्या मित्रांत वाटून. तेही जमत नसेल तर संस्थेला द्या. दुसऱ्या वर्षी हात आखडता घेतला तर ते मूल मधेच लोंबकळतं, आणि घरी परत गेल्यावर त्याला ऐकावं लागतं ते वेगळंच.

घरात ठेवून घ्यायचं?

आपल्याकडे वार लावून जेवायची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यावर शिकून मोठे झालेल्यांच्या कितीतरी आठवणी सांगितल्या जातात. पण ते वार जातीपातीच्या आतले होते, आणि वाढणाऱ्या हाताकडे बघून पोट किती भरायचं ते ठरवावं लागे, हेही त्यांच्याच आठवणींत आहे.

आज मोठ्या मनाने कोणी मुलीला घरात ठेवून घेतं. सुरुवातीला सगळं छान. मग पाहुणे येतात, कामवाली येत नाही, 'जरा भांडी घे गं' होतं. ती नाही म्हणू शकत नाही. परीक्षेच्या दिवसांतही ती आधी स्वयंपाकघरात जाते आणि मग पुस्तक उघडते. घरच्यांचा हेतू वाईट नसतो, तरी हे घडतं. म्हणून मी घरात ठेवण्यापेक्षा वेगळ्या दाराची खोली, किंवा होस्टेलचं भाडं, याला पसंती देते. वेगळी खोली असेल तर दोन मुलांना मिळून द्या, म्हणजे सोबतही होते. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद करा आणि भाडं नसलं तरी साधा करार कागदावर लिहा. उद्या स्वाधार किंवा तशाच योजनेच्या अर्जाला राहण्याचा पुरावा जोडावा लागतो.

सुट्टीत, सणाला, आजारपणात मात्र घर उघडं ठेवा. होस्टेलवर ताप आलेल्या मुलाला दोन दिवस मऊ भात मिळाला तर त्याला त्याची जन्मभर आठवण राहते.

कर्ज

याबद्दल थोडक्यातच. बँकेचं शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, हप्ते अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक चांगल्या संस्थांतल्या प्रवेशाला तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सूट आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग यांना कर्ज चालेल, कारण शेवटी नोकरी दिसते. बीए किंवा बीएस्सीसाठी मी कर्ज सुचवत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या घरांत आणखी एक अडचण येते. वडिलांचं गावातल्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज थकलेलं असतं, सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) खराब असतो आणि सहकर्जदार तेच असतात, म्हणून मुलाची फाइल अडकते. कर्ज मंजूर होऊन पहिला हप्ता कॉलेजला जाईपर्यंत दोनेक महिने फी अडते. तेवढ्यापुरती उसनवार द्यायची तयारी असलेला माणूस अशा घरांना फार मोलाचा. ज्यांना दान द्यायला आणि घ्यायला दोन्हीकडून संकोच वाटतो त्यांना हा मार्ग बरा.

कमवत शिकायचं असेल तर

घरी धाकटी भावंडं आहेत, पगार सोडता येत नाही, अंबडच्या किंवा सातपूरच्या कंपनीत शिफ्ट आहे, अशा मुलाला पूर्णवेळ कॉलेजला ढकलू नका. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ नाशिकमध्येच आहे आणि नोकरी करत पदवी घेता येते. त्याला लागणारी मदत वेगळी: परीक्षेआधी पंधरा दिवसांच्या बिनपगारी रजेचे पैसे भरून द्या. कॉलेजातली कमवा व शिका योजनाही चांगली आहे, तिच्यातून वरखर्च निघतो, मेस निघत नाही. द्राक्षांच्या हंगामात बागेवर मजुरीला जाणारी मुलं जानेवारी ते मार्च वर्गात दिसत नाहीत. हजेरी भरत नाही म्हणून शिष्यवृत्ती अडते, आणि शिष्यवृत्ती अडली म्हणून पुन्हा मजुरी. त्या तीन महिन्यांची मजुरी भरून दिली तर हे चक्र थांबतं.

पैसे नाहीत, वेळ आहे

मग तुम्ही सगळ्यात उपयोगाचे आहात, असं मी मनापासून सांगते. अकरावीतच जात पडताळणीचा अर्ज गेला पाहिजे. ती वेळेत आली नाही तर राखीव जागेवरचा प्रवेश हातचा जातो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, डोमिसाइल, सगळं तहसील आणि सेतूवर. सुरगाण्याच्या माणसाची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि बसभाडं. 'साहेब आज मीटिंगला गेलेत' ऐकून तो परत जातो.

महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या संकेतस्थळावरचा, अर्ज भरल्यावर एक गोष्ट हमखास तपासा. पैसे जातात ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर. सिमकार्ड घेताना कोणी मोबाइलवरचं खातं उघडून दिलेलं असतं, ते आधारशी जोडलं गेलेलं असतं, मुलाला पत्ताही नसतो. तो बँकेचं पासबुक घेऊन वर्षभर विचारत राहतो, आणि शिष्यवृत्ती त्या विसरलेल्या खात्यात पडून असते. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दोन मिनिटांत दिसते. एका शनिवारी चार मुलांचं एवढं एक काम केलंत तरी कित्येक हजार रुपये मोकळे होतात.

मग ठरवायचं कसं?

चार वर्षं दरमहा देण्याची खात्री असेल तर एक मूल, थेट, मेस आणि होस्टेल. खात्री नसेल, किंवा एकरकमी पैसे असतील तर पाठपुरावा करणारी संस्था. योजनेबाहेर राहिलेलं किंवा अनाथ मूल असेल तर फीसुद्धा. ज्या घराला मदत घ्यायला संकोच वाटतो त्याला मधल्या दोन-तीन महिन्यांची उसनवार. आणि यातलं काहीही निवडलंत तरी कागदपत्रांचं काम आधी.

मूल शोधायला लांब जावं लागत नाही. आश्रमशाळेतले आणि तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजातले शिक्षक तुम्हाला नावानिशी सांगतील, कोण हुशार आहे आणि कोण यंदा थांबणार आहे. निकालानंतर लगेच, मे-जूनमध्ये, त्यांना फोन करा. ऑगस्टमध्ये केलात तर ज्याच्यासाठी केला तो मुलगा गिरणारेच्या नाक्यावर मजुरीला उभा असेल.